नाना भंगाळ्यांचा दिनार

नाना भंगाळे वकिलांना "काय नाना, बरं आहे ना?" असं विचारण्याची चूक जळगावात नवीन आलेला माणूसच करत असे. विचारलं की नाना त्याच्या सदऱ्याची दुसरी गुंडी चिमटीत धरायचे आणि म्हणायचे, "बरं-वाईट राहू द्या. मूळ सांगू?" गुंडी त्यांच्या ताब्यात असल्यामुळे नको म्हणायची सोय नव्हती. मग रोम शहरापासून सुरुवात व्हायची. अरबस्तान, स्पेन, विलायत असं सगळं हिंडून नाना पुन्हा कोर्टाच्या आवारात येईपर्यंत त्या माणसाची गाडी गेलेली असायची आणि गुंडीचा दोरा सैल झालेला असायचा. मी धुळ्याहून बिऱ्हाड हलवून जळगावला वकिलीला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी एक गुंडी अशी गेली. ती शिवताना बायकोने विचारलं, "कोणाशी मारामारी केलीत?" मी म्हटलं, "नाही, शेजारच्या वकिलांनी मला एक शब्द समजावून सांगितला."

तो शब्द म्हणजे देनारियुस. रोमन लोकांचं चांदीचं जुनं नाणं. इंग्रजी शिकलेले लोक डेनारियस म्हणतात, पण तसा उच्चार कानावर पडला की नानांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखा भाव यायचा. बोलणारा तालुक्याचा मामलेदार असला तरी ते तो उच्चार तिथल्या तिथे दुरुस्त करून घेत. त्यांची वकिली का चालत नव्हती याची जी दहा-बारा कारणं बाररूममध्ये सांगितली जात, त्यांत हे वरचं होतं.

नाना यावलकडच्या केळी-कापूसवाल्या घरातले. शिकायला धुळ्याला मामाकडे राहिले. तिथे संस्कृतच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी वर्गासमोर सांगितलं, "भंगाळे, तुझी जीभ नांगराची आहे, तिला विभक्ती पेलायच्या नाहीत." वर्ग हसला. नानांनी संस्कृत सोडलं आणि पुढे मुंबईला कॉलेजात गेल्यावर चिडून लॅटिन घेतलं. त्या वर्गात सगळी पारशी आणि ख्रिस्ती मुलं, त्यांच्यात धोतर आणि टोपी घातलेले हे एकटे. लॅटिनलाही विभक्ती असतात, आणि संस्कृतइतक्याच जाचक असतात, हे त्यांना आत जाऊन बसल्यावर कळलं. पण तोवर फी भरून झाली होती. मुळात त्यांना लॅटिन किती आलं हे जळगावात तपासणार कोण? माझा अंदाज असा की त्यांना एकच शब्द आला, पण तो मुळापासून आला.

"देनी म्हणजे दहा-दहा," नाना सांगायचे. "तांब्याचे दहा ढबू पैसे दिले की चांदीचा हा एक. म्हणून देनारियुस, दहादहांचा. पुढे राज्यकर्त्यांना पैशांची अडचण आली. त्यांनी काय केलं? एकाचे सोळा केले. पण नाव बदललं का? नाही. मोल सोळाचं आणि नाव दहाचं, शेकडो वर्षं. आता सांगा, आपल्या रुपयाचे आणे किती?" इथे समोरच्याने 'सोळा' म्हणायचं असे. न म्हटल्यास प्रश्न पुन्हा येई. म्हटल्यावर नाना गुंडी सोडत. आपण सुटलो असं वाटे, पण ते हात मोकळा करून घ्यायचे ते पुढच्या प्रवासासाठी. अरबांनी त्याचा दिनार केला. स्पेनमध्ये पैशालाच त्याचं नाव पडलं. विलायतेत पेनीपुढे जो 'डी' लिहितात तो पेनीचा नव्हेच, याचा. आणि आपल्याकडे तो संस्कृतात दीनार होऊन बसला, राजे-रजवाड्यांच्या दानलेखांत. "निघाला तेव्हा चांदीचा होता," नाना म्हणायचे, "आपल्याकडे पोचेतो सोन्याचा झाला. ज्या संस्कृतातून मला हाकललं, त्या संस्कृतात माझ्या लॅटिनचा शब्द पाट मांडून बसलाय. आणि आमच्या मास्तरांना पत्ता नाही." हे शेवटचं वाक्य बोलताना नाना हसत, पण ते हसू बघवत नसे. मास्तर जाऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे.

अशिलांची मात्र आबाळ होई. अमळनेरकडचा एक शेतकरी बांधाच्या तंट्यासाठी आला होता. बांधाच्या मुळाशी जाता जाता नाना रोमला पोचले आणि तो बिचारा दुपारभर ऐकत बसला. उठताना हात जोडून म्हणाला, "वकीलसाहेब, बठ्ठं समजनं. पन मना बांध कोठे शे, तेवढं सांगा." पुढच्या तारखेला तो दुसऱ्या वकिलाबरोबर दिसला. नानांनी त्यालाही नमस्कार केला आणि त्या वकिलाची गुंडी धरली.

एवढं सगळं खरं, पण ज्या नाण्यापायी माणसाने धंदा धुळीला मिळवला, ते नाणं त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. मुंबईला एका संग्रहालयात काचेमागे एक होतं म्हणे. नाना मुद्दाम गेले तर ते दालन रंगकामासाठी बंद. त्यानंतर त्यांनी मुंबईचा नाद सोडला, कारण त्यांना मुंबईचा देनारियुस नकोच होता. त्यांना खानदेशातल्या मातीतून निघालेला हवा होता. "भडोचच्या बंदरात उतरलेलं नाणं तापीच्या काठाकाठाने वर आलंच असणार," असं त्यांचं ठाम मत. "शब्द इथवर आला तर नाणं येणार नाही? एक, फक्त एक हातात घेऊन बघायचा आहे. मग माझं काही मागणं नाही." हे ते माझ्यापाशी अनेकदा बोलले आणि बोलताना गुंडीला हात लावत नसत.

म्हणून प्रत्येक अशिलाला ते विचारत, "वावरात काही निघालं का?" लोकही भले. निघेल ते आणून देत. एकाने सोल्जरच्या कोटाचं बटण आणलं, एकाने गिरणीतल्या हजेरीचा पितळी बिल्ला. भुसावळच्या एका पोराने रुळावर ठेवून सपाट केलेला पैसा दिला आणि 'हे राजाचं तोंड गाडीखाली गेलं' असा खुलासाही केला. नाना प्रत्येक वस्तू भिंग लावून तपासत आणि आणणाऱ्याला चहा पाजत. रोज संध्याकाळी ते कोर्टातून घरी आले की नानी पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायच्या, "भेटला का तुमचा दिनार?" नाना म्हणायचे, "नाही." नानी म्हणायच्या, "उद्या भेटीन." आमची आणि त्यांची भिंत एक. बाकी घरांत चहा-पाण्याचं बोलणं होतं त्या वेळी त्यांच्या घरी हे होत असे, आणि आम्हाला त्याची इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी ऐकू आलं नाही तर बायको म्हणायची, नाना धुळ्याला गेलेले दिसतात.

त्यांना मूलबाळ नव्हतं. नानींचा जीव देवघरात आणि नानांचा रोममध्ये. नाना देवांना हात लावत नसत. "मला त्यांचं मूळ माहीत आहे," म्हणायचे. आमच्याकडे देवघरात टाक असतात, म्हणजे चांदीच्या लहान चकत्यांवर उठवलेले देव आणि घरातली गेलेली माणसं. नानी ते सगळे रोज धुऊन, पुसून, ओळीने मांडायच्या आणि नाना त्या वेळी पाठ करून वर्तमानपत्र वाचायचे.

नानी भादव्यात तापाने गेल्या. चार दिवस अंगात ताप होता, पाचव्या दिवशी बोलणं बंद झालं. त्यांची धाकटी बहीण कौतिकबाई सावद्याहून आली, तिनेच सगळं निभावलं. जाताना ती नानांना सांगून गेली की वर्षाच्या आत बाईचा टाक करून देवात बसवा, आणि चांदी बाजारातून घेऊ नका, घरची घाला. देवघरात झिजलेले, तोंडं पुसली गेलेले टाक असतील ते मोडा. झिजलेला देव घरात ठेवायचा नसतो आणि गेलेलं माणूस त्याच चांदीतून घरात परत येतं, अशी त्या लोकांची समजूत.

माघात नाना मला घेऊन सोनाराकडे गेले. देवघरातल्या ओळीत हाताला जे काय झिजकं लागलं ते त्यांनी न बघताच कागदाच्या पुडीत बांधलं होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली, त्यांतलं एक अनोळखी. तेवढं पुरलं. सोनाराने पुडी सोडली, शेगडीवर मूस ठेवली आणि एकेक तुकडा चिमट्याने उचलून आत टाकू लागला. मध्येच थांबून म्हणाला, "नाना, हा एक जाडसर आहे. बघून घ्या एकदा." नाना तेव्हा अनोळखी गिऱ्हाइकाची गुंडी धरून अरबस्तानात पोचले होते. त्यांनी मागे न वळता हाताने खूण केली, टाका, टाका. सोनाराने टाकला आणि फुंकणी तोंडाला लावली.

टाक तयार झाला. त्यावरची बाई म्हणजे सोनाराच्या ठशातली बाई. पदर, नथ, जोडलेले हात. त्याच्याकडे बाईमाणसाचा ठसाच तेवढा एक. नानांनी तो नाकाशी धरून पाहिला आणि म्हणाले, "ही तर मामलेदारांच्या सासूसारखी दिसते. जळगावातल्या निम्म्या गेलेल्या बायका अशाच दिसत असणार." घरी नेऊन त्यांनी तो देवघरात ठेवला आणि दार लोटून दिलं. ते दार पुढे कित्येक दिवस तसंच लोटलेलं होतं. त्यांच्याकडे भांडी घासायला येणारी बाई सांगायची, देवांवर धूळ बसलीय, पण मी कशी हात लावू?

त्या उन्हाळ्यात नवे पैसे आले, आणे जाऊन रुपयाचे शंभर. बाजारात नुसता गोंधळ. भाजीवाली आण्याचे सहा देऊ की सात यावरून रडकुंडीला आलेली, आणि आमचे नाना मात्र ट्रेझरीच्या दारात पहिले उभे. दहा नव्या पैशांचं ते लाटालाटांच्या काठाचं नाणं घेऊन ते धावत बाहेर आले. "दहा!" ते म्हणाले. "तांब्याचे दहा द्या, पांढरा एक घ्या. दोन हजार वर्षांनी सरकारला अक्कल आली." दिवसभर कोर्टात त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. न्यायाधीशांनाही दाखवलं, आणि न्यायाधीशांनी त्या दिवशी चक्क पाहून छान आहे म्हटलं. संध्याकाळी मी ओट्यावर होतो. नाना हातात नाणं घेऊनच घरात शिरले. आत भांड्याचा आवाज नाही, काही नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. नाणं खिशात टाकलं होतं. "तुमच्याकडे चहा झाला का?" त्यांनी विचारलं. मी आत सांगायला गेलो तर बायकोने आधीच आधण ठेवलं होतं. ती डोळे पुसत होती. तिलाही भिंतीपलीकडचं ऐकू न येणं ऐकू आलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, कौतिकबाईचा निरोप आला. पितरांची घागर खरी तुमच्या घरी भरायची, पण भरणार कोण, तेव्हा इकडे या. नानांना एकट्याने जाववेना म्हणून मीही गेलो. सावद्याच्या उन्हाचं मी वर्णन करत नाही, माझा धुळ्याचा जन्म असूनही मला घेरी आली. ओसरीवर केळीच्या पानांचं ओझं पडलेलं, आत खापरावरच्या पुरणपोळ्या चाललेल्या. देवघरापुढे नानींच्या नावाची मातीची घागर, तिच्यावर डांगर आणि आंबे, आणि खाली पाटावर तांदळाच्या राशीत एक टाक.

कौतिकबाई कौतुकाने म्हणाली, "दाजी, हा आमच्या माहेरचा मूळ पुरुष. डोक्याले फेटा बांधेल हाये, पाहा."

नाना वाकले. मग गुडघ्यांवर बसले. मग भिंग काढलं. हळद-कुंकवाच्या पुटाखाली एक नाकेला चेहरा होता, बाजूने दिसणारा. फेटा नव्हता तो, पानांचा मुकुट होता. कडेने पुसट अक्षरं गेली होती. नानांनी तो शब्द उच्चारला, पण इतका हळू की मला तो ओठांवरून कळला. त्यांनी कोणाची गुंडी धरली नाही.

"बापाच्या आज्याले नांगरता नांगरता सापडले व्हते," कौतिकबाई पोळी उलटवायला जाता जाता सांगत होती. "दोन व्हते. बापाले पोरगा नव्हता, म्हनून मायनं दोघी बहिनींले एकेक देल्ला. याची जोडी बाईकडे व्हती. तुम्ही कधी पाह्यली नाही?"

मला सोनाराचा चिमटा आठवला. नानांनाही तोच आठवला असणार, कारण त्यांचा भिंगाचा हात खाली आला.

"कुठी हाये ती आता?"

"आहे. घरातच आहे," नाना म्हणाले.

जेवण त्यांनी नुसतं चिवडलं. आंब्याचा रस पानात तसाच राहिला. पान बाजूला सारून ते एकदम म्हणाले, "कौतिक, हा मला देतेस?"

"माहेरचा देव कसा देऊ, दाजी?" ती म्हणाली. ती मनात काहीतरी फार दिवस घोळवत होती, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. "घेयाचाच म्हनसान त मंग बाईचा टाक मले द्या. तुम्ही देवाले कधी पानी घातलं नाही, आता काय घालसान? बाई तिथं अंधारात बसेल हाये. माह्या घरी रोज फूल त भेटीन तिले."

ती रागाने बोलली नव्हती, हेच वाईट होतं. मला वाटलं नाना काहीतरी प्रतिवाद करतील. नाना म्हणाले, "देतो."

दुसऱ्या दिवशी ते सोनाराकडे जाऊन आले. सोनार म्हणाला, जाडसर चकती होती, मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही बोलत होता. हे सांगताना नाना माझ्या ओट्यावर बसले होते. "उभा जन्म लोकांच्या वावरात शोधला," ते म्हणाले. "आणि ती रोज त्याला आंघोळ घालत होती. दहा पावलांवर. मी पेपर वाचत होतो." मला त्यांची फार कीव आली. मी म्हटलं, "नाना, दुसरा आहे ना. तो मिळतोय." ते म्हणाले, "हो, मिळतोय. येत्या गुरुवारी जाऊ." पुढचे चार दिवस ते खूश होते असं म्हणता येईल. त्यांनी नाणं ठेवायला मखमलीची डबी आणली आणि पुण्याच्या कुठल्याशा पंडितांना आता बोलावून घेतो, येऊन बघू दे म्हणाले.

गुरुवारी पुन्हा सावदा. नानांनी नानींचा टाक रुमालात बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता. गाडी तापीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी खिशावर हात ठेवला, तो सावदा येईपर्यंत काढला नाही.

कौतिकबाईने कबूल केल्याप्रमाणे मूळ पुरुष आधीच धुऊन पाटावर ठेवला होता. त्याच्यापुढे नारळ फोडलेला, म्हणजे त्याची पाठवणी झालेली. नानांनी रुमाल तिच्या हातात दिला, नाणं उचललं आणि ते खिडकीशी गेले. हळद निघून गेल्याने अक्षरं जरा उघडी झाली होती. नाना एकेक अक्षर लावू लागले. मला म्हणाले, "हे बघा, हे बघा, हा बादशहा आहे," आणि मी बघितलं. खरोखर कुठला तरी बादशहा होता आणि सावद्याच्या खिडकीत तो नानांच्या तळहातावर पडला होता. नानांना हवं होतं ते त्यांना मिळालं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मागे कौतिकबाईने रुमाल सोडला. इतके दिवस कोणी न पुसल्याने टाक काळा पडला होता. "कसा काया केला बाईले," असं पुटपुटत तिने चिंचेचा कोळ आणि राख घेतली आणि अंगठ्याने तो खसाखसा घासायला बसली.

नानांचं वाचणं थांबलं. ते वळून बघत राहिले.

"कौतिक, हळू," ते म्हणाले.

तिला ऐकू गेलं नसावं.

"हळू घास. नाक झिजेल तिचं."

कौतिकबाई थांबली. "दाजी, हे त ठश्याचं नाक हाये. बाईचं नाक असं कुठी व्हतं?"

"माहीत आहे मला."

ते खिडकीपासून आले. हातातलं नाणं त्यांनी पाटावर, तांदळात, होतं तसं ठेवलं आणि कौतिकबाईपुढे हात पसरला. तिला कळायला वेळ लागला. मलाही लागला. मग तिने टाकावर पाणी ओतलं, पदराने तो टिपला आणि त्यांच्या हातात दिला. ती रडत होती, पण तिने एका शब्दाने अडवलं नाही. फक्त म्हणाली, "मंग पानी घालत जा तिले."

परतीच्या गाडीत मला गप्प बसवेना. मी समजूत घालायची म्हणून म्हणालो, "नाना, तसं पाहिलं तर तुमचा दिनार तुमच्या खिशातच आहे. त्याच चांदीचा तर हा टाक." हे वाक्य मला फार चांगलं वाटलं होतं. नाना खिडकीबाहेर केळीचे मळे बघत होते. "त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "ते राहू द्या आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. अंघोळ केलेली, अंगावर ओलं धोतर. मला ओलांडून माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, जरा येता का? आधी पाणी घालायचं की आधी गंध, ते मला कळत नाही."

ती गेली, मागोमाग मीही गेलो. देवघराचं दार उघडं होतं. जमीन त्यांनी स्वतः पुसली होती, चांगली पुसली नव्हती. तिने त्यांना ताम्हन कसं ठेवायचं ते दाखवलं, पळी कशी धरायची, टाक पुसताना कापड कसं दाबायचं, फूल कसं ठेवायचं. नाना अशिलासारखे निमूट ऐकत होते आणि तसंच करत होते. सगळे टाक ओळीने लागले. नानींचा त्यांनी मध्ये ठेवला. तो मध्ये ठेवत नाहीत असं माझी बायको म्हणणार होती, पण बोलली नाही.

"झालं, नाना," ती म्हणाली. "आता हात जोडा."

नानांनी हात जोडले नाहीत. पळी धरून ते तसेच बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "ती रोज पाणी घालताना काहीतरी म्हणायची. हळू. मी तिकडे पाठ करून बसलेलो असायचो. काय म्हणायची ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. भिंतीपलीकडून आम्हाला नानींची संध्याकाळ ऐकू यायची, सकाळ कधी ऐकू आली नव्हती.

"नाही हो, नाना," ती म्हणाली. "ते आता कोणाला ठाऊक असणार?"

"हो," नाना म्हणाले. "कोणालाच नाही."

मग त्यांनी पळी पुन्हा भरली आणि काही न म्हणता नानींवर पाणी घातलं.